सकाळ, दुपार, रात

आष्टीच्या स्टँडबाहेर नगरकडे तोंड करून जीप उभी होती. आत पाचच माणसं बसलेली, म्हणजे सुटायला अजून अवकाश होता. मी पुढच्या सीटवर बसून आरशाकडे बघत होतो. जीपच्या आरशाला लिंबू-मिरची असते, नाहीतर एखाद्या देवस्थानचा बिल्ला. इथं तीन पेन ड्राइव्ह लोंबत होते. एकाला पांढरा दोरा, एकाला पिवळा, एकाला काळा. मी विचारल्यावर ड्रायव्हरमामा म्हणाले, "ह्यो सकाळचा, ह्यो दुपारचा, ह्यो रातचा."

"आणि संध्याकाळचा?"

"तिन्हीसांजेला टेप बंद असतोय सायेब. दिवा लावायची येळ ती."

मामांनी पांढऱ्या दोऱ्याचा ओढून घेतला, कपाळाला लावला आणि टेपच्या खाचेत बसवला. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज जीपभर झाला. मागं दुधाचे रिकामे कॅन पायाशी धरून बसलेल्या म्हातारबाबांनी डोक्यावरची टोपी नीट केली, जणू कुणी वडीलधारं माणूस गाडीत चढलं होतं.

बियाण्यांच्या कंपनीत मी बावीस वर्षं फिरस्तीवर काढली. घर नगरला. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण जीपवाल्याच्या आरोळीत अजून 'नगर, नगर'च. आठवड्यातले दोन-तीन दिवस धानोरा, कडा, आष्टी, जामखेड असा माझा फेरा. कृषी सेवा केंद्रांच्या पायऱ्या, जूनमधली धावपळ, दिवाळीनंतरची वसुली. सुरुवातीला मोटारसायकल होती. पाठ बोलायला लागली तेव्हा ती सोडून जीप धरली आणि तिथं माझा गाण्याचा अभ्यास सुरू झाला. अभ्यास हा शब्द मी जाणून वापरतो. गाण्यांविषयीची मतं मी व्याख्यानांत ऐकली आहेत, दिवाळी अंकांत वाचली आहेत. पण पोटासाठी रोज साठ-सत्तर किलोमीटर जाणाऱ्या माणसांची मतं मला जास्त खरी वाटत आली. ही माणसं गाणं ऐकायला बसलेली नसतात, कामाला निघालेली असतात. गाणं आपल्याबरोबर चालेल का, एवढंच ती बघतात.

मामांचं वेळापत्रक पक्कं होतं. सकाळी दहा-साडेदहापर्यंत देवाची गाणी. मग दोन फेऱ्या सिनेमाची, नवी, म्हणजे मागच्या सीटवरची कॉलेजची पोरं खूश राहतील. धानोऱ्याला भाकरी खाऊन गाडी पुन्हा रस्त्याला लागली की पिवळा दोरा, म्हणजे लावणी. रात्री काळा दोरा. त्यात १९९० च्या 'आशिकी'पासून पुढची सगळी रडकी गाणी. मामांच्या भाषेत 'तुटल्याली'.

माझे एक मेव्हणे हार्मोनियम शिकवत. रागांना वेळा असतात, भैरव पहाटेचा, सारंग भर दुपारचा, मारवा सूर्य बुडतानाचा, मालकंस रात्रीचा, हे त्यांनी मला सांगितलं होतं. ते मी एकदा मामांना ऐकवलं. ऐकून त्यांना आनंद झाला. आपण करतो ते मोठ्या लोकांनीही केलेलं आहे, याचा. फक्त दुपारच्या सारंगाबद्दल त्यांची शंका होती. सारंग कसा असतो म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणालो, शांत, सावलीसारखा. मामा म्हणाले, "मंग त्यास्नी गाडी चालवायची नसंल. बाजरीची भाकरी पोटात गेल्यावर सावली लावली तर गाडी बाभळीत." आणि लावणी का, तर ढोलकी. ढोलकीचा तोडा पापणी खाली येऊ देत नाही. शिवाय लावणी लागली की मागची माणसंही जागी राहतात, आणि सगळी गाडी जागी असली की ड्रायव्हरला झोपायची लाज वाटते. दुपारी कुठलं गाणं लावावं याची इतकी नेटकी मीमांसा मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

पिवळ्या दोऱ्यात बहुतेक सुलोचना चव्हाणच होत्या. लावणीसम्राज्ञी ही त्यांची पदवी आचार्य अत्र्यांनी दिलेली. मी मामांना सांगितलं होतं की या बाई डोक्यावर पदर घेऊन लावणी गायच्या. मामांनी त्यावर कडा येईपर्यंत विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे गळ्यानंच नाचायच्या की." २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी, १० डिसेंबरला, त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या गाडीला मी आष्टीतून निघालो. जीपमध्ये पिवळा दोरा लावलेला होता. म्हातारबाबा त्या दिवशीही होते, कॅन घेऊन. कुणी काही बोललं नाही. धानोऱ्यापर्यंत लावण्या वाजत राहिल्या. मामांनी एकदाच माझ्याकडे बघून म्हटलं, "आज सकाळीच दुपार." पुढं शोकसभांतली पुष्कळ भाषणं ऐकली, पण सुलोचनाबाईंचं नाव निघालं की मला हे तीन शब्दच आठवतात.

गाण्यांनी अंतर मोजायची सवयही मला या रस्त्यानं लावली. कॅसेटच्या काळात साठ मिनिटांची कॅसेट असे, तीस इकडून, तीस तिकडून. नगरला स्टँडवरून निघाल्यावर एक बाजू संपायची तेव्हा चिचोंडी पाटील मागं पडलेलं असायचं. कॅसेट उलटायची, आणि दुसरी बाजू संपता संपता कडा यायचं. कडा ते आष्टी तीन गाणी. पावसाळ्यात खड्डे पडले की चार. "रस्ता एक गाणं लांबला" असं आम्ही बोलत असू, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळे. आता रस्ता रुंद झाला आहे, गाड्या पळतात, आणि कड्याहून आष्टी दोन गाण्यांवर आली आहे.

या रस्त्याला मुक्काम करणारी माणसं आता कमी झाली. मोबाईलवर ऑर्डर जाते, माणूस संध्याकाळी घरी परततो. पण पूर्वी आम्ही लॉजवर राहत असू. फिरस्तीच्या माणसाच्या सवयी पाहायच्या तर लॉजवर पाहाव्यात. तो खोली बघत नाही, आधी पाणी कधी येतं ते विचारतो. कुलूप स्वतःचं लावतो. चादर स्वतःची, तांब्या स्वतःचा, साबण कागदात गुंडाळलेला. उद्याचा सदरा घडी करून गादीखाली घालतो, म्हणजे सकाळी इस्त्री झालेली असते. खोली रस्त्याकडची नको म्हणतो आणि रात्री पुन्हा रस्त्याकडच्याच गॅलरीत येऊन बसतो, कारण घर सोडून आलेल्या माणसाला चार भिंती सोसत नाहीत. त्या गॅलरीत आमची मैफल जमे. गाणं खालच्या पानटपरीवरून वर येई, आणि मतं आम्ही वरून खाली पाठवत असू.

प्रत्येक जण आपल्या धंद्याच्या मापानं गाणं मोजायचा. कापडाचा एक व्यापारी होता, इचलकरंजीचा माल घेऊन फिरणारा. नवं गाणं लागलं की तो डोळे मिटून ऐकायचा आणि निकाल द्यायचा, "कापड तेच, छाप नवी." कधीतरी एखाद्या गाण्याला तो "सूत आहे" म्हणायचा. वर्षाकाठी अशी गाणी दोन-तीन निघत. बोकडांचे व्यापारी एक चाचा होते, बकरी ईदच्या आधी महिनाभर ते या भागात असत. ते म्हणत, गाण्याचे दात बघावेत. नवं गाणं अदात. पहिली ईद काढली की दोन दाती, दुसरी काढली की चार दाती. "जिसके पूरे दात जुळले, वोच गाना," असं ते त्यांच्या दोन्ही भाषा मिसळलेल्या बोलीत सांगत. शिंद्यांच्या घराण्याला त्यांनी एकदम पूर्ण गुण दिले होते. प्रल्हाद शिंदे, त्यांचे मुलगे आनंद आणि मिलिंद, आणि आता नातू आदर्श. एकाच जीपमध्ये, एकाच रस्त्यावर, तीन पिढ्यांचे आवाज वाजलेले मी ऐकले आहेत. चाचा म्हणायचे, अशी अवलाद बाजारात शोधून सापडत नाही.

माझं मत बियाण्याचं. जुन्या गाण्यावर नवा ढोल चढवून रिमिक्स निघायला लागले, २००० च्या पुढंमागं, तेव्हा मी म्हणालो होतो की हे संकरित वाण आहे. पहिल्या वर्षी शेत डोलतं, पण त्यातून घरचं बी धरता येत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा नवी पिशवी. देशी वाणाला उतारा कमी, पण मूठभर दाणे मडक्यात राखेत ठेवले की नातवापर्यंत पोचतात. आजही मला हेच वाटतं. संकरित बियाणं विकूनच मी घर चालवलं, त्याचे गुण मला ठाऊक आहेत, म्हणून हे बोलण्याचा मला हक्क आहे असं मी मानतो.

सगळ्यात वेगळं मत औषधकंपनीच्या एका एमआरचं होतं. दवाखान्याबाहेर पेशंटांच्या बाकावर बसून आत बोलावण्याची वाट बघणं हा त्याचा निम्मा दिवस. खिशात छोटा रेडिओ, पुढं मोबाईल. तो म्हणायचा, "मला चारशे गाण्यांचे मुखडे पाठ आहेत आणि एकाचाही अंतरा येत नाही. मुखडा संपला की कंपाउंडर हाक मारतो." हे खरं होतं. गॅलरीत आम्ही त्याला गाणं सांगायचो, तो पहिल्या दोन ओळी सुरात म्हणायचा आणि थांबायचा. पुढं काय, ते आम्ही बाकीचे जोडत असू. तो नेहमी म्हणायचा की गाणी करणाऱ्यांनी अंतरा आधी आणि मुखडा मागून ठेवावा, म्हणजे एमआर लोकांचं कल्याण होईल.

आष्टी हे नावसुद्धा फिरस्तीच्या माणसाची परीक्षा घेतं. सोलापूरकडं एक आष्टी आहे, तिथं फेब्रुवारी १८१८ मध्ये बापू गोखले पडले. वर्धा जिल्ह्यात एक आष्टी आहे, १९४२ च्या लढ्यात चिमूरच्या जोडीनं जिचं नाव घेतात ती. जालना जिल्ह्यात परतूरजवळ आणखी एक. आमच्या ऑफिसनं एकदा कपाशीच्या बियाण्याच्या पेट्या वर्ध्याकडच्या आष्टीला पाठवल्या. इकडं मृग लागून गेलेला, दुकानदार फोन करून करून थकलेला, आणि माल सगळा विदर्भात. तेव्हापासून आम्ही सांगताना 'आष्टी, नगरवरची' असं म्हणतो. बीड जिल्ह्यातल्या माणसांना ते फारसं आवडत नाही, पण आष्टीचा माणूस दवाखान्याला, बाजाराला, कॉलेजला नगरलाच जातो. जिल्हा एकीकडे, पायवाट दुसरीकडे. पुणे आणि नगर यांच्यात १ जून १९४८ ला पहिली एसटी धावली तेव्हा आष्टी निजामाच्या राज्यात होती. मराठवाडा मोकळा व्हायला १७ सप्टेंबर उजाडायचा होता. नगरच्या सरहद्दीवरचा हा तालुका तेव्हापासून दोन्हीकडचा आहे, आणि त्याची बोलीही. "लई" नगरकडची, "हाव की" मराठवाड्याची, एकाच वाक्यात.

फिरस्ती आणि गाणं यांची एक गोष्ट लांबचीही आहे. जपानमध्ये सोनी कंपनीचे एक संस्थापक होते, मसारू इबुका. कामासाठी लांबचा विमानप्रवास करावा लागे, आणि वाटेत गाणी ऐकण्याची हौस. आपल्या माणसांना त्यांनी सांगितलं की बरोबर नेता येईल असं यंत्र करून द्या. त्यातून १ जुलै १९७९ ला वॉकमन बाजारात आला. म्हणजे या यंत्राची सुरुवात एका फिरस्तीच्या माणसाच्या कंटाळ्यातून झाली. मला यात सगळ्यात भावली ती पुढची गोष्ट. दुसरे संस्थापक अकिओ मोरिता यांना वाटलं, शेजारी माणूस असताना एकट्यानंच गाणं ऐकणं हे असभ्य दिसेल. म्हणून पहिल्या वॉकमनला दोन जणांना ऐकता येईल अशी दोन भोकं ठेवली, आणि एकमेकांशी बोलायला एक बटण. मोरितांना मी कधी भेटणं शक्य नव्हतं, पण आमच्या जीपमध्ये ते अगदी सहज सामावले असते, चौघांच्या सीटवर पाचवे.

नगरहून आष्टीला रेल्वे आली ती २३ सप्टेंबर २०२२ ला. स्टेशनचं नाव न्यू आष्टी. सहासष्ट किलोमीटरचा हा तुकडा बघायला लोकांनी किती वर्षं वाट पाहिली ते इथल्या म्हाताऱ्यांना विचारावं. नारायणडोह, लोणी, सोलापूरवाडी, धानोरा, कडा अशी स्टेशनं घेत गाडी येते. पुढं २०२५ च्या १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाच्याच दिवशी, ती बीडपर्यंत गेली. पहिल्या काही महिन्यांत मी मुद्दाम रेल्वेनं जाऊन बघितलं. डब्यात आमचा एमआर भेटला. केस पांढरे झालेले, बॅग तीच. त्यानं एक इअरफोन आपल्या कानात घातला आणि दुसरा माझ्याकडे केला. मोरितांच्या दोन भोकांची मला त्या क्षणी आठवण झाली.

वीस वर्षं तो गुणगुणत आलेला एक मुखडा लागला. तोच, जो तो दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ऑर्डर मिळाल्याच्या खुशीत म्हणायचा. रेल्वेत हाक मारणारा कंपाउंडर नव्हता. मुखडा संपला, वाजंत्री वाजली, अंतरा सुरू झाला. तो खिडकीबाहेर बघत ऐकत राहिला. दुसरा अंतराही झाला. सोलापूरवाडी गेली. मग त्यानं इअरफोन काढून हातात धरला आणि म्हणाला, "अरे, हे तर दुःखाचं गाणं आहे."

त्यानंतर धानोऱ्यापर्यंत आम्ही काही ऐकलं नाही.

पण मी आतापर्यंत ज्या फिरस्त्यांबद्दल बोललो ते सगळे बॅग घेऊन फिरणारे. आष्टी तालुक्यातून कामासाठी सगळ्यात लांब आणि सगळ्यात जास्त जी माणसं जातात त्यांच्याजवळ बॅग नसते, कोयता असतो. दसरा झाला, दिवाळी जवळ आली की मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता अशी मोजणी. पश्चिम महाराष्ट्र, पार कर्नाटकापर्यंतचे साखर कारखाने. ट्रॅक्टरला मागं दोन ट्रॉल्या, त्यात भांडी, पत्रे, ताडपत्री, शेळी, कोंबड्या, लेकरं, आणि कडेला धरून बसलेल्या बायका. पुढं टेप. इतका मोठा की दोन शेतं ओलांडून आवाज येतो. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, ही माणसं परत येत नाहीत. कोपीत राहतात, दिवसा तोडतात, गाडी केव्हा येईल तेव्हा, मग रात्री दोनला का होईना, मोळ्या भरतात.

त्या टेपचा मला राग यायचा. एकदा मिरजगावच्या रस्त्यावर रात्री अकरा वाजता अशा ट्रॅक्टरच्या मागं अडकलो होतो. 'सैराट' येऊन गेलेलं वर्ष, २०१६. अजय-अतुलनी त्या सिनेमाचं वाद्यवृंदाचं संगीत लॉस एंजेलिसला, परदेशी वादकांकडून ध्वनिमुद्रित करून आणलं होतं. शेकडो तारांचा तो आवाज उसाच्या वाटेवर, फाटक्या स्पीकरमधून, इंजिनाच्या धडधडीवर स्वार होऊन येत होता. मी वैतागून मामांजवळ बोललो. इतकं मोठ्यानं लावायची काय गरज?

मामांनी काळ्या दोऱ्याचा पेन ड्राइव्ह बोटानं हलवला. "ह्यो तवाचा हाय सायेब. चार सीझन केल्यात म्या ट्रॅक्टरवर." मग ते सांगत गेले. दिवसभर फडात गाडी उभी, रात्री भरणं, पहाटे कारखान्याच्या तळावर नंबर लावायचा, काटा होऊन गव्हाणीला गाडी खाली होईपर्यंत सात तास, आठ तास, कधी सबंध दिवस. लगेच परत फडात. तीन-तीन दिवस सलग झोप नाही. "टेप बारीक क्येला की डोळा लागतो. आन् जाताना-येताना मागं ट्रॉलीत लेकरं असत्यात, आपलीच." तुटलेल्या प्रेमाची गाणी त्यांना आवडायची म्हणून त्यात नव्हती. त्या गाण्यांत माणूस मध्येच जोरात ओरडतो, आणि त्या ओरडण्यानं जाग येते, म्हणून ती निवडलेली होती.

या उत्तरानंतर मला त्या आवाजाबद्दल तक्रार करता आलेली नाही. गाणं चांगलं की वाईट हे ठरवताना मी आता आधी विचारतो, ते वाजतंय कुठं, किती वाजता, आणि कुणाला जागं ठेवण्यासाठी. माझ्या मेव्हण्यांना हे मान्य नाही. त्यांच्याशी माझा वाद चालू आहे.

यंदाही टोळ्या जातील. नगर-आष्टी-जामखेडच्या रस्त्याला, किंवा करमाळ्याकडं, रात्री तुमची गाडी असेल तर काच थोडी खाली ठेवा. मागच्या ट्रॉलीला पुष्कळदा दिवा नसतो. ट्रॉली दिसायच्या आधी गाणं ऐकू येतं.